एक राजा, एक पुस्तक आणि बापूंच्या बैठका

बापू, तुमच्या जाण्याने या नगरीतली संस्कृत विद्या पोरकी झाली आहे.

वाक्य माझं नाही. परवा शोकसभेत आपल्या संस्थेचे कार्यवाह हे म्हणाले आणि म्हणून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. विद्येला फार दिवस पोरकी ठेवायचा त्यांचा विचार दिसत नाही, कारण तुमच्या जागेची जाहिरात त्यांनी आदल्या दिवशीच पेपरात दिली होती.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठलो, "बापू चांगले होते" म्हणालो आणि बसलो. जे बोलायचं होतं ते तुमच्याशीच बोलायचं होतं, आणि तुम्ही तिथे फक्त फोटोत होतात. तोही कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. तुम्हाला फेट्याचा केवढा कंटाळा. आता तो कायमचा तुमच्या डोक्यावर राहणार असं दिसतंय. शाळेच्या कपाटात तुमचा दुसरा फोटो नाही.

तुमचा थोरला त्या दिवशी सकाळी सायकलवरून आला. पायरीला सायकल टेकवून म्हणाला, "काका, बापू गेले." तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुःख मागून आलं, घाई न करता. लोक म्हणतात, तुम्ही सुटलात. ते खरं आहे, पण अर्धं. मीही सुटलो. गेले कित्येक महिने दर रविवारी तुमच्या खाटेशेजारी बसून मी एकटाच वाद घालत होतो. समोरच्याने गप्प बसून माझं ऐकून घ्यावं, ही माझी फार जुनी इच्छा होती. ती पुरी झाली आणि दोन-तीन रविवारांतच नकोशी झाली.

आपला वाद एका परक्या राजावरून सुरू झाला होता, हे आज शाळेत कुणाला सांगून पटायचं नाही.

तुम्ही आमच्या शाळेत नवे होतात. मी इतिहास शिकवत होतो आणि इंग्लंडातल्या जुन्या शाळांवरचं एक जाडजूड पुस्तक ग्रंथालयातून आणून वाचत होतो. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना मी त्यातली गंमत सांगितली. चारेकशे वर्षांपूर्वी तिकडे शाळेत शिकवायचे ते मुख्यतः लॅटिन, आणि ज्याच्या त्याच्या शाळेत व्याकरण वेगळं. मुलाने गाव बदललं की मागचं विसरून पहिल्यापासून सुरुवात. मग त्यांच्या राजाने फर्मान काढलं, की यापुढे माझ्या राज्यात लॅटिनचं एकच व्याकरण चालेल, दुसरं कुणी शिकवायचं नाही. धर्माधिकारी शाळा तपासायला जात तेव्हा विचारत, इथे दुसरं कुठलं व्याकरण शिकवतात का? हा तोच राजा, सहा लग्नांबद्दल प्रसिद्ध असलेला. मी म्हणालो, बायको एक ठेवणं ज्याला जमलं नाही, त्याने व्याकरण मात्र एक ठेवलं.

सगळे हसले. तुम्ही भाकरी मोडत होतात.

"मग बरोबरच केलं की त्यानं," तुम्ही म्हणालात.

"काय बरोबर केलं?"

"एक पुस्तक केलं ते. मला सांगा, इतिहास, गारगोटीचं पोरगं कोल्हापुरात आलं तर त्याचं पान कुठलं?"

त्या दिवसापासून तुम्ही मला नावाने हाक मारली नाहीत. मी 'इतिहास' झालो. कधी कधी वर्गाच्या दारात उभं राहून "इतिहास हायत काय?" असं विचारायचात. मुलांना वाटायचं, तास कोणता ते विचारताय.

गारगोटीचं ते पोरगं तुम्हीच होतात, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून शेंगा खाताना तुम्ही सांगितलंत. गारगोटीत एका मास्तरांनी तुम्हाला संस्कृत शिकवलं. धडे त्यांचे, क्रम त्यांचा, सगळं त्यांच्या गुरूंनी त्यांना दिलेलं. ते घेऊन तुम्ही कोल्हापुरात शिकायला आलात, तर इथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी जे विचारलं ते तुमच्या धड्यांत अजून यायचं होतं. आणि तुम्हाला जे येत होतं ते त्यांनी विचारलंच नाही. "तिकडं हेच शिकवतात वाटतं?" असं म्हणून त्यांनी तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं. वर्ग हसला. तुमचं वर्ष गेलं. तुमच्या वडिलांना वर्ष जाणं म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे एक म्हस मेली म्हण की."

"त्या मास्तरला मी अजून शिव्या देत न्हाय," तुम्ही म्हणालात. "त्याला तरी काय ठावं, मला काय येतं ते. एक पुस्तक असतं तर त्यानं पान उघडलं असतं, मी म्हणून दावलं असतं. मिटलं असतं."

"पण त्या राजाला मुलांची काळजी नव्हती बापू. त्याला राज्यात सगळीकडे आपला एकच आवाज हवा होता."

"असंना का. पाटाचं पाणी सोडणाऱ्याच्या मनात काय हाय, ते काय ऊस बघतोय व्हय?"

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. राजाचं पुस्तक शाळांमध्ये आलं आणि दोन-तीन शतकं कुठल्या ना कुठल्या रूपात टिकलं, हे खरं. पण मास्तर लोकांनी ते मेजावर ठेवलं आणि शिकवलं आपापल्या रीतीने. कुणी वर टिपा जोडल्या, कुणी युक्त्या. म्हणजे फर्मान कागदावर, आणि वर्गात ज्याचं त्याचं राज्य. राजा हरला.

तुम्ही शेंगेचं टरफल पाण्यात टाकलंत. "म्हंजे पुस्तक राजाचं आणि शिकवणं मास्तरचं. ह्यात हरलं कोण? भांडण कुठं हाय?"

हा प्रश्न तुम्ही पुढे कितीदा विचारलात, आणि मी कितीदा उत्तर दिलं. एकाही उत्तराने तुमचं समाधान झालं नाही. माझंही.

तुमची शिकवण्याची रीत तर कुठल्याही राजाच्या पुस्तकात बसणारी नव्हती. खालच्या वर्गात बसवलेलं ते पोरगं तालमीत राहत होतं. पहाटे व्यायाम, मग शाळा, मग कुणाच्या तरी दुकानात काम. पाठ करायला वेळ पहाटेचाच. बाकीचे पैलवान बैठका आकड्याने मोजत, तुम्ही शब्दाने. खाली जाताना रूप धरायचं, वर येताना सोडायचं. रामः, रामौ, रामाः. वस्तादांनी एकदा विचारलं, "किती झाल्या रं?" तर तुम्ही म्हणालात, "तिसरा शब्द चाललाय, वस्ताद." वस्ताद म्हणाले, "शब्द मोज न्हायतर नारळ मोज. मांडी भरली पायजे."

तेच तुम्ही वर्गात आणलंत. बाकं भिंतीला सरकवायची, मुलांनी ओळीत उभं राहायचं, आणि तुम्ही पुढे, धोतराचा सोगा खोचून. संस्कृतच्या एका शब्दाची रूपं चोवीस, म्हणजे एक शब्द म्हणजे चोवीस बैठका. प्रथमेला सगळी पोरं ताठ असायची. पंचमीला मागच्या ओळीतली मांड्या धरायची. आणि शेवटी संबोधनाला जे पोचायचे ते 'हे राम' अगदी मनापासून म्हणायचे. स्टाफरूममध्ये तुम्हाला 'पैलवान शास्त्री' म्हणत. तुमच्या मागे म्हणत, कारण तुमचे दंड पुढून दिसत.

पोरं मात्र यायची. तालमीतली, वसतिगृहातली, भुदरगडाकडची, शाहूवाडीकडची. संस्कृतला पूर्ण मार्क पडतात आणि तेवढ्यावर बाकीचं सगळं तरून जातं, हे त्यांना कळलं होतं. माझा मुलगा काटकुळा, पुस्तकातला किडा. मी त्याला मुद्दाम तुमच्या वर्गात घातला असं तुम्हाला वाटायचं. तसं नव्हतं, तो स्वतः गेला. महिन्याभराने माझी बायको म्हणाली, "ह्यानं संस्कृत घेतल्यापासून दोन भाकरी जास्त लागतात." आज तो बँकेत आहे. संस्कृत विसरला, मांड्या अजून चांगल्या आहेत.

मग अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, अभ्यासक्रम बदलला आणि संस्कृतचं सरकारी पुस्तक राज्यभर एकच झालं. तुम्ही त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आलात. घरात काही झालं का म्हणून चौकशी झाली. तुम्ही पिशवीतून पुस्तक काढलंत. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, पोरं घालतात तसं.

"हे बघा, इतिहास. गारगोटीला हेच पान. पन्हाळ्याला हेच पान. मुंबैला पण हेच. पोरगं एस.टी.तनं उतरलं की तिथनंच पुढं."

"आणि पानच भिकार असलं तर?"

"तर सगळ्यास्नी भिकार. त्यात पण न्याय हाय की."

पेढा मी खाल्ला. चांगला होता.

पण पुस्तकाच्या पाठोपाठ शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका आली. कोणत्या आठवड्यात कोणता धडा, कोणत्या तासाला कोणते प्रश्न, शिक्षकाने उभं कुठे राहायचं, हे सगळं तिच्यात होतं. विद्यार्थ्यांनी आपापल्या जागी शांत बसावं. पाठांतरावर भर नसावा. मी वाचून खूश झालो. आता बापू माझ्या बाजूला येणार. तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि बाकं पुन्हा जागेवर आणून ठेवलीत.

"हे काय?" मी विचारलं.

"सरकारनं पुस्तक दिलं तवा पेढं वाटलं. आता हे दिलं तर तोंड फिरवू काय? सगळ्यास्नी एक म्हंजे मला पण एक."

"अहो, त्या राजाच्या काळातले मास्तरसुद्धा एवढे आज्ञाधारक नव्हते."

"म्हणून त्यांची पोरं मार खात असतील."

तुमच्या खोलीतून आवाज यायचा बंद झाला. शेजारच्या वर्गात मी शिकवत होतो, आणि माझा स्वतःचा आवाज मला बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. तो ऐकण्यासारखा नव्हता. तुमची पोरं हात घडी करून बसलेली असायची. तुम्ही फळ्याजवळ, सांगितलेल्या जागी. चाचणीचे पेपर तपासताना चुका एवढ्या निघाल्या, की तुम्हाला लाल पेन्सिल पहिल्यांदाच दोनदा तासावी लागली.

नेमकी त्याच वर्षी तपासणी लागली. आणि नेमकं त्याच वर्षी उद्यमनगरातल्या एका कारखानदाराने संस्थेला जुनं लेथ मशिन देऊ केलं. तांत्रिक विषयाचा वर्ग काढायची कार्यवाहांना घाई होती, आणि त्याला एक शिक्षक आणि एक खोली लागणार होती. "एवढ्या संस्कृतचं करायचं काय?" हे त्यांनी तुम्हाला त्याच सुमारास विचारलं. त्यांचा हिशेब सरळ होता. तपासणीत संस्कृतवर वाईट शेरा आला की नववीची तुकडी बंद करायची. मग तुम्ही जादा शिक्षक, जिथे जागा मिळेल तिथे. आणि संस्कृतच्या मार्कांच्या भरवशावर बसलेली ती सगळी पोरं जिथे ठेवतील तिथे. तुम्हाला स्वतःच्या बदलीचं काही वाटत नव्हतं. तुम्ही एकदाच बोललात. "ह्यास्नी आता मधेच दुसरा विषय दिला म्हंजे परत खालच्या वर्गात बसवल्यागतच की."

तपासणीच्या दिवशी रांगोळ्या होत्या. दारापासून कार्यालयापर्यंत लाल सतरंजी होती, ती कुणाच्या तरी लग्नाच्या मंडपातून आणली होती ते तिच्यावरच्या हळदीवरून कळत होतं. स्वागतगीत पाच कडव्यांचं होतं. तपासायला आलेल्या साहेबांनी तिसऱ्या कडव्याला घड्याळ पाहिलं, तेव्हा मला त्यांच्याबद्दल थोडी आशा वाटली. त्यांना वर्ग दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मागून कार्यवाह चालत होते, तोंडावर आधीच दुःख आणून.

तुमच्या वर्गात गेलो. मुलं बाकांवर, हात घडी. पुस्तकं समोर, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या पोराला उठवलं.

"नदी चालव."

"नदी, नद्यौ, नद्यः," पोरगं म्हणालं आणि थांबलं. पुढचं त्याच्या ओठांवर येत होतं आणि परत जात होतं. दुसऱ्याला उठवलं. तो द्वितीयेपर्यंत पोचला. तिसरा पहिल्याच्या जागी थांबला. कार्यवाहांनी सुस्कारा सोडला. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. बाहेर काही नव्हतं.

चौथा उठला तो तानाजी, शिवाजी पेठेतल्या तालमीतला. मान एवढी, आवाज तेवढा.

"साहेब, बसून येत न्हाय."

"उभा आहेस ना? उभं राहून म्हण."

"उभं राहून पण येत न्हाय."

"मग कसं येतं?"

तानाजीने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवली नाहीत, होकाराला नाही आणि नकारालाही नाही.

"बैठका काढून येतं."

साहेबांचा चेहरा बदलला. "शिक्षा करतात?"

"न्हाय वो, शिक्षा कशापायी? शब्द चालवतात."

साहेब एक पाऊल मागे सरकले. "चालव बघू."

तानाजीने चपला काढल्या, बाकातून बाहेर आला आणि खाली गेला. नदी. वर आला. खाली गेला. नद्यौ. तृतीया कधी गेली आणि षष्ठी कधी आली ते कळलं नाही. ज्या जागी तिघं अडकले होते, तिथून तो वाट माहीत असलेल्या बैलासारखा गेला. मधेच मागचा एक उठला, मग दुसरा, मग परवानगी न मागता सगळा वर्ग. बाकांच्या मधल्या जागेत मावतील तेवढे खाली-वर होत होते, उरलेले बाकावर हात टेकून. साहेबांच्या शिपायाने हातातली बॅग खाली ठेवली. मला वाटतं तोही कधीकाळी तालमीत गेला असावा.

शब्द संपला. वर्गभर नुसता श्वास.

"साहेब, हा प्रकार संस्थेच्या संमतीनं—" कार्यवाहांनी सुरुवात केली.

"थांबा." साहेब तुमच्याकडे वळले. "हे हस्तपुस्तिकेत कुठे आहे?"

तुम्हाला तिथे काहीही सांगता आलं असतं. अशा वेळी काय सांगायचं असतं ते शाळेतल्या प्रत्येकाला येत होतं. तुम्ही म्हणालात, "न्हाय साहेब. हस्तपुस्तिकेत न्हाय."

"मग?"

"हस्तपुस्तिकेपरमाणं शिकवलं, ते पयल्या तिघांनी म्हणून दावलं. हे त्याच्या आधीचं हाय. चूक असंल तर माझी हाय. पोरांची न्हाय."

संपलं, असं मला वाटलं. लेथ मशिन मला दिसायला लागलं. आणि तेव्हा मला, काय सांगू बापू, तुमच्या त्या राजाची आठवण झाली. त्याचे धर्माधिकारी दारात उभे राहून काय विचारत, ते आठवलं.

"साहेब," मी म्हणालो, "पुस्तक कोणतं वापरतात, तेवढं आपण पाहिलं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जवळच्या बाकावरचं पुस्तक उचललं, कव्हर मागे सरकवलं. सरकारी. दुसरं उचललं. सरकारी.

"इथे दुसरं कुठलं व्याकरण शिकवतात का?" त्यांनी तुम्हाला विचारलं. अगदी त्याच शब्दांत. चारशे वर्षं आणि सात समुद्र ओलांडून प्रश्न जसाच्या तसा आला होता.

"न्हाय."

"मार्गदर्शक वगैरे? बाजारातलं?"

"आमच्या पोरांस्नी हे एक घेताना जीव जातो, साहेब."

साहेबांनी पुस्तक खाली ठेवलं. "मग पुस्तक विहित आहे," ते म्हणाले. बहुतेक स्वतःशीच. दाराकडे जाता जाता थांबले. "'पितृ' चालतो का? मला कधी जमला नाही."

"चालतो की," तानाजी म्हणाला. "पण जरा दम खाऊ द्या."

"खा."

शेरा आला तो असा, की विहित पुस्तकाचा वापर चोख असून विद्यार्थ्यांचे आरोग्य उत्तम आहे. तुकडी राहिली. लेथ मशिन व्हरांड्यात राहिलं. साहेबांची गाडी गेल्यावर मी जिन्यातच बसलो. असा सुटल्याचा आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. तुम्ही येऊन शेजारी बसलात आणि काही वेळ आपण दोघांनीही काही मत मांडलं नाही. हे आपल्या ओळखीत पहिल्यांदाच होत होतं.

ते हॉटेलात चहा येईपर्यंत टिकलं.

"बघितलंत?" मी म्हणालो. "राजाला पुस्तकापलीकडचं दिसत नाही, म्हणून तुम्ही वाचलात."

"व्हय. पण राजाचं पुस्तकच नसतं तर त्यानं काय विचारलं असतं?" तुम्ही बशीत चहा ओतलात. "माझं पुस्तक विचारलं असतं. माझं कुठलं, तर गावाकडचं. मग बसवलंच असतं की मला खालच्या वर्गात."

चहाचे पैसे मी दिले. मला पटलं, असं तुम्ही त्यावरून धरलंत. पटलंच होतं, पण तसं शब्दांत मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात माझ्या लहानपणी संस्कृतची व्याकरणं चार-पाच तरी होती, वडिलांची, काकांची, एक तर वाळवी लागलेलं. कुठलं बरं यावर जेवताना वाद चालत. एकच पुस्तक असावं अशी इच्छा ज्याला होते तो बहुधा एकही पुस्तक नसलेल्या घरातून आलेला असतो, हे त्या जाडजूड इतिहासात कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मला तुमच्या बशीतल्या चहावरून कळलं. राजाबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. तो माणूस वाईटच होता.

मग काही वर्षांनी लकव्याने तुमची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. ज्याचा आवाज दोन वर्गांपलीकडे जायचा, त्याला पाणी मागता येईना. पहिल्या काही रविवारी मी आलो ते कर्तव्य म्हणून. खोटं कशाला बोलू? तुमच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. डॉक्टरांनी पायाचा व्यायाम सांगितला होता. वहिनी तुमचा गुडघा दोन्ही हातांनी वाकवायच्या आणि सरळ करायच्या, कणीक मळावी तशा निगुतीने. एका रविवारी मी राजाविषयी काहीतरी सांगत होतो, तुम्ही वरच्या आढ्याकडे बघत होतात, वहिनींनी गुडघा वाकवला आणि तुम्ही म्हणालात, "रामः."

वहिनींचा हात थांबला. तुमचा आवाजही थांबला. त्यांनी पाय सरळ केला, पुन्हा वाकवला. "रामौ."

"आगं बया," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, डोळे पुसत, पण रागानेच म्हणाल्या, "बघा की भावजी. पाणी म्हणता येत न्हाय. मला हाक मारता येत न्हाय. आणि राम चालवाय लागलेत."

"वाकवा, वहिनी," मी म्हणालो. "थांबू नका."

पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं, ते कधी कधी वाचतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पाठांतरावर भर नको म्हणणाऱ्या हस्तपुस्तिकेच्या कर्त्यांना हे कळवायला हवं होतं, पण त्यांचा पत्ता कुणाकडे नव्हता. त्या दिवसानंतर मला तुमच्याकडे यायचं ओझं वाटलं नाही. वहिनी गुडघा वाकवायच्या, तुम्ही शब्द चालवायचात, आणि मधल्या विश्रांतीत मी राजाला नावं ठेवायचो. तुमचं उत्तर येत नव्हतं, पण तुमचा आवाज खोलीत होता. तेवढ्यावर वाद चालू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या रविवारी तुम्ही षष्ठीपर्यंत आलात आणि झोपलात. वहिनींनी पाय हळूच खाली ठेवला. उरलेल्या विभक्त्यांसाठी मी तुम्हाला उठवलं नाही. शब्द पुरा करूनच माणसाने जावं असा काही नियम नाही, आणि असला तरी तो हस्तपुस्तिकेतला असणार.

तुम्ही आजारी पडल्यापासून तुमच्या जागी तात्पुरते एक तरुण मास्तर आहेत, इचलकरंजीचे. त्यांना हस्तपुस्तिका तोंडपाठ आहे. पहिल्या महिन्यात त्यांनी ती पोरांवर चालवून पाहिली, आता पोरं त्यांच्यावर बैठका चालवतात. परवा जिन्यात भेटले तेव्हा एकेक पायरी कठडा धरून उतरत होते. "सवय होते," मी म्हणालो. जागा त्यांनाच मिळेल असं दिसतंय. तुकडीला यंदा मुलं पुष्कळ आहेत.

कार्यवाहांनी तुमच्या स्मरणार्थ वर्गाच्या दाराला संगमरवरी पाटी लावायची घोषणा केली आहे. मजकूर तेच लिहिणार आहेत, त्यात 'ज्ञानसूर्य' हा शब्द नक्की झाला आहे. पाटीचं काम तूर्त थांबलं आहे, कुठल्या दाराला ते ठरत नाही. संस्कृतचा वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर हलवावा लागला, कारण खाली भूगोलाच्या तासाला मुलांच्या डोक्यावर छताचा गिलावा पडत होता.